आधी हजेरी लावा

भिवंडीतल्या एका होमिओपॅथी महाविद्यालयात २०१६ मध्ये एका मुलीने प्रवेश घेतला. डोक्याला हिजाब बांधून ती आली आणि वर्गाबाहेर राहिली. मग अर्जविनंत्या झाल्या, मुंबई उच्च न्यायालय झालं, आणि प्रकरण शेवटी दिल्लीला गेलं. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची वाट मोकळी केली. वर्गात बस, हजेरी भरून काढ, परीक्षा दे. महाविद्यालयानेही न्यायालयापुढे तिला हिजाबासह बसू देण्याची तयारी दाखवली.

हिजाब इस्लाममध्ये आवश्यक आहे की नाही, याचा निकाल तिथे लागलाच नाही. न लागता मुलीचं काम झालं.

मला हा आदेश पटतो आणि त्याचा रागही येतो. दोन्ही सांगते. आधी राग.

डॉक्टरकीच्या या अभ्यासक्रमात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. मुलगी वर्गाबाहेर उभी. बाहेर उभ्या असलेल्या मुलीची हजेरी कोण लावणार? हजेरी भरत नाही म्हणून टर्म ग्रँट होत नाही, टर्म नाही म्हणून परीक्षा नाही. या सगळ्या कागदांत धर्म हा शब्द कुठेही लिहावा लागत नाही. ‘गैरहजर’ एवढा एक शब्द पुरतो. धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून जे सुरू झालं, ते दोन वर्षांत हजेरीपटाचं प्रकरण होऊन बसलं. ज्यांनी तिला बाहेर ठेवलं, त्यांना त्या दोन वर्षांचा काही हिशेब द्यावा लागला नाही. तिने मात्र तो दिवसादिवसाने दिला.

हे दुरून वाचताना किरकोळ वाटतं. जवळून पाहा.

भिवंडीतल्या धामणकर नाक्यापासून फार लांब नसलेल्या एका कॉलेजच्या फाटकाशी मी जून महिन्यात एका सकाळी उभी होते. रिक्षातून तीन मुली उतरल्या. दोघींनी तिथेच, फाटकाच्या भिंतीकडे तोंड करून, अंगावरचा काळा बुरखा काढला, त्याची घडी केली आणि पिशवीत प्रॅक्टिकल जर्नलच्या वर दाबून बसवली. एकीने टाचण्या दातांत धरून स्कार्फ नीट केला. आरसा नव्हता. मैत्रिणीने तिच्या कानामागची एक बट आत सारली आणि मान हलवून ‘झालं’ अशी खूण केली. पाऊस भुरभुरत होता. तिसरी मात्र पुढे जाऊन रखवालदाराशी बोलत होती.

“काका, स्कार्फ तर चालतो ना?”

“मला नाही माहीत बाळा. वरून सांगितलंय, विचारून सोडायचं.”

“कोणाला विचारून?”

काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. मुलगी घड्याळ बघत उभी राहिली. आत पहिल्या तासाची घंटा झाली. दोघी धावत आत गेल्या, ती तिथेच. पुढे तिचं काय झालं ते मी पाहिलं नाही, मला बस गाठायची होती. पण त्या दिवसापासून राज्यघटनेचं धर्मस्वातंत्र्याचं २५ वं कलम म्हटलं की मला संविधान सभा आठवत नाही. ते फाटक आठवतं.

आता पटतं ते का, ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाने भिवंडीच्या मुलीला ग्रंथ उघडायला लावला नाही. आपल्याकडे धर्मस्वातंत्र्याची बहुतेक प्रकरणं तिथेच जाऊन अडकतात.

आपली घटना म्हणते, प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य. मर्यादा सार्वजनिक सुव्यवस्थेची, नीतिमत्तेची, आरोग्याची आणि इतर मूलभूत हक्कांची. शिवाय धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय, ऐहिक व्यवहारांवर सरकार कायदा करू शकतं, समाजसुधारणाही करू शकतं. इतकं स्वच्छ आहे. ‘आवश्यक प्रथा’ हा शब्दप्रयोग त्या कलमात शोधून सापडणार नाही. तो कसोटी म्हणून न्यायालयांनी आणला.

आणि त्याची सुरुवात वेगळी होती. २ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की या देशात धर्म जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं आयुष्य व्यापून बसला आहे, म्हणून जे मुळात धार्मिक आहे तेवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या ठेवली पाहिजे. जमिनीची कूळवहिवाट, वारसा, हे धर्माच्या नावाखाली येऊ नये, एवढा त्यांचा रोख. म्हणजे प्रश्न होता: हे कर्म धार्मिक आहे की ऐहिक? पुढे त्याचा अर्थ पालटत गेला आणि प्रश्न झाला: हे कर्म तुमच्या धर्माला अत्यावश्यक आहे का? पहिला प्रश्न न्यायाधीशाने विचारायचा. दुसरा विचारायचा अधिकार त्याला कोणी दिला?

मुंबईच्याच एका खटल्यात हे न्यायालयाने स्वतः मान्य केलं होतं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा, त्याला आव्हान देणारा रतिलाल पानाचंद गांधी खटला १९५४ चा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, धर्माने सांगितलेले विधी त्या धर्माचा आवश्यक भाग नाहीत, असं बाहेरच्या कुणालाही म्हणता येणार नाही. ठाम शब्द होते. सात वर्षांनी, १९६१ मध्ये, अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी दार किलकिलं केलं. धार्मिक म्हणून चाललेल्या काही प्रथा अंधश्रद्धेतून आलेल्या असू शकतात, त्या मुळात धर्माला उपऱ्या असू शकतात, त्यांची छाननी न्यायालय करेल. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, कामगारांना न्याय देणारे, सुधारणेच्या बाजूचे. त्यांचा हेतू मला कळतो, त्याबद्दल आदरही आहे. पण उघडलेलं दार फक्त सुधारकांसाठी उघडं राहत नाही.

त्याच्याही आधीचं १९५८ चं प्रकरण बघा. बिहारमधल्या गोहत्याबंदीच्या खटल्यात कुरेशी समाजाने म्हटलं, बकरी ईदला गाईची कुर्बानी हा आमच्या धर्माचा भाग. न्यायालयाने हॅमिल्टनने इंग्रजीत आणलेला ‘हिदाया’ पाहिला. त्यात एका माणसामागे एक बकरा, किंवा सात जणांमागे एक गाय अथवा उंट. पर्याय दिलाय ना, मग गाय सक्तीची नाही! वकिलांनी सांगितलं, गरीब घरात सात बकरे परवडत नाहीत, सात जणांत एक गाय परवडते. न्यायालय म्हणालं, ती आर्थिक निकड झाली, धार्मिक नव्हे. गोहत्याबंदीच्या बाजूने घटनेतलं ४८ वं कलम होतं, शेतीची गरज होती. फक्त त्या कारणांवर निकाल दिला असता तर त्यावर सरळ वाद घालता आला असता. पण गरिबाचा धर्म आणि त्याची मिळकत अशी दोन खणांत वाटून टाकणं मला मान्य नाही. भिवंडीच्या कुरेशी वाड्यात कुणालाही विचारा, ईदचा हिशेब आणि ईदची इबादत एकाच वहीत असते.

पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे कुर्ल्याची शाळकरी मुलगी आली. तिला डोकं झाकून शाळेत बसायचं होतं. शाळेचा तो विभाग फक्त मुलींचा. खंडपीठाने अर्थ लावला की मुलींच्याच विभागात डोकं उघडं राहिल्याने कुराणाच्या आज्ञेचा भंग होत नाही, आणि याचिका फेटाळली. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अब्दुल्ला युसूफ अली यांच्या इंग्रजी भाष्याच्या आधारे ठरवलं की हिजाब आवश्यक नाही. दोन्हीकडे बाजू मांडणारे ज्येष्ठ वकील, पुढ्यात ग्रंथांचे गठ्ठे, आणि ज्या पोरीच्या डोक्यावरचं कापड तिचं मत सगळ्यांत शेवटी. कायदा शिकलेल्या माणसाने तफसीर, म्हणजे कुराणाचा अर्थ, सांगायची, आणि मुलगी शाळेत बसणार की नाही हे मौलवीने ठरवायचं? दोन्ही उलटं आहे.

त्याच कर्नाटकच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया म्हणाले, आवश्यक प्रथेच्या वाटेला जायचीच गरज नव्हती. प्रश्न मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा आहे. मी याच बाजूची.

आता मला कुणी थांबवून विचारेल, की ताई, याच कसोटीने बायकांना हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाता आलं, ते विसरलात का? विसरले नाही. २०११-१२ च्या सुमारास हाजी अली दर्ग्याच्या विश्वस्तांनी स्त्रियांना आतल्या भागात जायला बंदी केली. त्याआधी त्या जात होत्या. २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. न्यायालयाने म्हटलं की ही बंदी इस्लामचा आवश्यक भाग असल्याचं विश्वस्त दाखवू शकले नाहीत. पण निकालाचा कणा समानतेची कलमं होती, आणि तेवढा कणा पुरेसा होता. शनिशिंगणापूर बघा. १ एप्रिल २०१६ ला त्याच न्यायालयाने राज्याला १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली, आणि पाडव्याच्या दिवशी, ८ एप्रिलला, देवस्थानाने चौथरा स्त्रियांना खुला केला. शनिमाहात्म्यात काय लिहिलंय याचा तिथे कुणाला अर्थ लावावा लागला नाही.

आणि कसोटी नेहमी दुबळ्याच्याच बाजूने झुकते असंही नाही. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. कुठल्याही जातीने, पंथाने माणसाला वाळीत टाकू नये म्हणून. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, सय्यदनांनी, त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथ टिकवण्याचा आवश्यक भाग, असं ठरलं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. म्हणजे ज्याला वाळीत टाकलं, ज्याला कब्रस्तानात जागाही नाकारली जाऊ शकते, त्याच्या धर्मस्वातंत्र्याला वजन नाही. जो टाकतो त्याच्या स्वातंत्र्याला आहे. पुढे चौपन्न वर्षांनी, २०१६ मध्ये, महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला, तो जातपंचायतींनी उद्ध्वस्त केलेली घरं पाहून. मधली चौपन्न वर्षं त्या घरांची कुणी भरून दिली?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. न्यायालयाने धर्माला विचारू नये की तुला हे हवंच का. त्याने शेजाऱ्याला विचारावं की तुला यात इजा होते का.

हे भिवंडीकरांना नवीन नाही. या गावाने हा प्रश्न रस्त्यावर सोसलाय. ७ मे १९७० ची शिवजयंतीची मिरवणूक, तिचा मार्ग, मशिदीवरून जाताना काय वाजायचं, कोणत्या घोषणा द्यायच्या, यावरची महिनोन्‌महिन्यांची तणातणी, आणि मग पेटलेलं गाव. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगाने त्याचा बारकाईने पंचनामा केला. मिरवणुकीबाबतचा कायदा मात्र त्याआधी कित्येक वर्षं ठरलेला होता. १९२० च्या दशकात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं होतं की सार्वजनिक रस्त्यावरून आपापल्या विधींसह धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क सर्वांना आहे, फक्त इतरांच्या रहदारीला अडथळा नको आणि दंडाधिकाऱ्याचे कायदेशीर आदेश पाळायचे. मिरवणूक धर्माला आवश्यक आहे का, हे लंडनच्या त्या न्यायाधीशांनी विचारलं नव्हतं. रस्ता कुणाचा, एवढंच विचारलं. नियम चांगला होता, तो पाळून घेणारं कुणी नव्हतं. १९८४ मध्ये गाव पुन्हा जळलं. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या बसवल्या. एकाच गल्लीतले दोन्हीकडचे लोक, सतरंजीवर समोरासमोर, नळाच्या पाण्यापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सगळं बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला विचाराल तर धर्मस्वातंत्र्यावरचा भिवंडीचा सगळ्यात मोठा निवाडा तोच, आणि तो कुठल्याही कायद्याच्या अहवालात छापलेला नाही.

भोंग्यांचंही तसंच. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर १६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणं हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, २५ व्या कलमाचं संरक्षण त्याला नाही. आवश्यक नाही, हे खरंच आहे. बांग भोंग्याआधी शेकडो वर्षं दिली जात होती आणि आरतीही. पण तेही सांगायची गरज नव्हती. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, शाळा-दवाखान्यांच्या शंभर मीटर परिसरात, सरकारने तसं जाहीर केल्यास, शांतता. हा २००० सालचा नियम आहे आणि त्यात मशीद, मंदिर, डीजे, लग्नाची वरात कुणाचंच नाव नाही. रात्रपाळी करून आलेला भिवंडीचा यंत्रमाग कामगार सकाळी झोपतो. बारा तास खटखट ऐकून त्याचे कान बधिर झालेले असतात, मागावर ही माणसं एकमेकांशी हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलतात. त्याच्या झोपेला धर्म नसतो. त्याच्या खोलीवर कर्कश्श भोंगा लावणाऱ्याने आपण कोणत्या देवाचे, हे सांगू नये.

मात्र नियम लावायचा तर तो सगळ्यांना. एका बाजूचा भोंगा मोजायला यंत्र न्यायचं आणि दुसऱ्या बाजूच्या डीजेपाशी पोचेपर्यंत यंत्राची बॅटरी संपायची, हे चालणार नाही.

गोमांसाच्या प्रकरणातही महाराष्ट्राला थोडा मोकळा श्वास मिळाला तो धर्माच्या दारातून नव्हे. बैल-वळूंच्या कत्तलीवरची बंदी ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवली. पण परराज्यातून आणलेलं मांस घरात सापडलं तर गुन्हा, हे सांगणारं कायद्यातलं ५-ड कलम त्याच निकालाने रद्द केलं. कारण दिलं खासगीपणाचं. माणूस आपल्या घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये. इतकं साधं. कुठला ग्रंथ लागला नाही.

आणि चेंबूर. आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले सगळ्यांवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, २६ जून २०२४ ला हरल्या. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा नको, एवढं ठेवलं. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं, टिळा लावलेल्यालाही अडवणार का? प्रश्न बरोबर होता. धर्म दिसू नये म्हणून गणवेश, असं म्हणायचं तर टिकली, टिळा, मनगटावरचा गंडा, कडं, क्रूस हे सगळं फाटकाशी काढून घ्यावं लागेल. कुणी घेत नाही. घेऊही नये.

चेहरा दिसायला हवा, हे मला मान्य आहे. परीक्षेत ओळख पटवायला हवा, प्रयोगशाळेत बर्नरजवळ सैल कापड नको, रुग्ण तपासताना डॉक्टरचं तोंड दिसावं. ही कारणं आहेत, कारणं सांगता येतात, त्यांवर वाद घालता येतो. डोक्यावरच्या दोन हात कापडाने शेजारच्या बाकावरच्या मुलाचं काय जातं, हे मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि ज्या मुलीवर घरून सक्ती आहे, तिचं काय? हा प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. अशा मुली आहेत. त्यांना मी ओळखते. पण फाटक बंद केल्यावर ती जाते कुठे? सक्ती करणाऱ्यांच्याच घरी. तिला नाही म्हणायचं बळ कुठून येणार असेल तर ते वर्गातून, वाचनालयातून, हातात पडलेल्या पहिल्या पगारातून. तिच्या डोक्यावरचा स्कार्फ तिने एक दिवस स्वतः काढला किंवा आयुष्यभर ठेवला, दोन्ही वेळा ती आत असली पाहिजे.

आवश्यक प्रथेच्या कसोटीचं पुढे काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ ला, शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रकरणात, मोठ्या घटनापीठाकडे सोपवला. ते आपलं काम करोत. भिवंडीच्या प्राचार्यांना आणि विश्वस्तांना त्यासाठी थांबायचं कारण नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. तुमचे पोशाखाचे नियम माहितीपुस्तिकेत स्वच्छ मराठीत आणि उर्दूत छापा, त्यांची कारणं छापा, फाटकावरच्या काकांना त्याची प्रत द्या. वाद झाला तर पालकांना बोलवा, सतरंजी घाला, बोला. या गावाला ती सवय आहे. वाद न्यायालयात गेला तरी जाऊ द्या. पण तो चालू असेपर्यंत मुलीला आत बसवा आणि रोज तिची हजेरी लावा.